हाडकी-हाडोळ्याची किंमत

१९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक विधेयक मांडले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करावी, एवढाच त्याचा विषय होता. बरोबर एक वर्षापूर्वी, याच तारखेला महाडची परिषद सुरू झाली होती आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते. महाड आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. महार वतनाचे हे विधेयक मात्र अभ्यासकांपुरते उरले. तळ्याच्या काठी जे बंधन तुटले ते डोळ्यांना दिसणारे होते. विधेयक ज्या बंधनाला हात घालत होते ते गावाच्या दप्तरात, जमिनीच्या नोंदीत आणि खळ्यावरच्या धान्याच्या राशीत होते. विषमता पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशी, हे समजून घ्यायचे तर या दुसऱ्या बंधनाकडे नीट पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

जुन्या मराठी गावात वतन म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट. पाटलाला पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याला कुलकर्णाचे, जोश्याला जोशीपणाचे. त्या पद्धतीने महारालाही वतन होते. गावाचे काम पिढीजात करायचे आणि त्याबदली थोडी इनाम जमीन व गावाकडून बलुते घ्यायचे. या जमिनीला हाडकी किंवा हाडोळा म्हणत. बलुत्याच्या ओळी असत, थोरली, मधली आणि धाकटी. अनेक गावांत महाराचा वाटा थोरल्या ओळीतला होता. गावच्या वादात निवाड्याचा महजर झाला तर पाटलाच्या नांगरासोबत महाराचीही निशाणी उमटे. शिवेचा तंटा पडला की शीव कोठून जाते हे सांगायला महारालाच पुढे करीत, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाच्या पायाखालची नसे.

कामांची यादी मोठी होती. वेशीवर पहारा द्यायचा, चावडी झाडायची, दवंडी पिटायची. पाटलाचा निरोप पोहोचवायचा, वसुलाची रक्कम तालुक्याला नेताना सोबत चालायचे, आलेल्या अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहायचे, त्याच्या घोड्याला वैरण आणि चुलीला जळण आणायचे. कोणी वारले तर त्याच्या सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचे, रात्र असो की पाऊस. मेलेले ढोर ओढून गावाबाहेर न्यायचे. ज्याच्यावर त्या वर्षाची पाळी असे तो येसकर किंवा तराळ हातात घुंगुरकाठी घेऊन संध्याकाळी दारोदार भाकरी मागायचा. ही भाकरी भीक नव्हती, हक्क होता, आणि महारवाड्यातले म्हातारे हे मानाने सांगत. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, ही आख्यायिका घरोघर सांगितली जाई. तिच्या ऐतिहासिक खरेपणापेक्षा ती शतकानुशतके इतक्या निष्ठेने का सांगितली गेली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कारण या व्यवस्थेचे सारे मर्म त्या हक्कात होते. ज्याच्याकडे काहीच नसते त्याला बांधून ठेवायला सतत बळ वापरावे लागते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेसे असते तो स्वतःच जागा सोडत नाही. महाराला जमिनीचा एक तुकडा होता, सुगीला खळ्यावर वाटा होता, मेलेल्या ढोराचे कातडे होते, सणाला मान होता. त्या बदल्यात त्याचा, त्याच्या बापाचा आणि मुलाचा वेळ गावाच्या मालकीचा होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी आर्थिक वर्ग आणि सामाजिक दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात असे सांगितले होते. मराठी गावातला महार हे त्याचे ठळक उदाहरण ठरावे. बलुत्याच्या ओळीत तो वर होता आणि त्याच गावात त्याची सावली विटाळाची होती. हिशेबातली वरची जागा दर्जातल्या खालच्या जागेला तसूभर हलवू शकत नव्हती.

अशा जुन्या मराठी गावांवर काम करणारे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी एक मोलाचा मुद्दा मांडला. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीत सेवक विशिष्ट घराण्यांना बांधलेला असतो, पण महाराष्ट्रातला बलुतेदार संपूर्ण गावाचा नोकर होता. हा फरक वरवर तांत्रिक वाटेल, परंतु त्याचा परिणाम खोल होता. एका धन्याशी बिनसले तर दुसरा धनी गाठता येतो. इथे धनी म्हणजे अख्खे गाव, आणि गावाशी बिनसले तर जाणार कोठे? अमेरिकन मिशनरी विल्यम वायझर यांनी १९३६ साली जजमानी पद्धतीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्यात परस्परांच्या गरजा भागवणारे एक जुळलेले जग त्यांना दिसले. परस्परावलंबन होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण शेतकऱ्याला महारावाचून दोन दिवस काढता येत होते आणि महाराला बलुत्यावाचून वर्ष काढता येत नव्हते. इतक्या असमान गरजेला परस्परावलंबन एवढेच नाव देऊन थांबणे मला पटत नाही.

इंग्रजी अमल आला तेव्हा ही व्यवस्था मोडायला हवी होती, निदान तशी अपेक्षा करता आली असती. झाले उलटे. ब्रिटिशांना मोजणी, वसुली, टपाल, पोलीस, जंगल, देवी टोचणे अशा सगळ्या खात्यांसाठी गावात एक माणूस हवा होता आणि तो आयताच हजर होता. त्याला पगार द्यायची गरज नव्हती, कारण त्याच्याकडे वतन होते. १८७४ च्या कायद्याने हे नाते लेखी झाले. पूर्वी गावाच्या कामाला बांधलेला माणूस आता सरकारच्याही कामाला बांधला गेला. रोख मोबदला मिळाला तरी तो अनेक ठिकाणी महिन्याला काही आण्यांपुरता असे. जमीन बादशाही किंवा पेशवाईतली, ती वाढली नाही. माणसे वाढली, भाऊबंदकीत तुकडे पडत गेले. काम मात्र सगळ्या भाऊबंदांवर राहिले. पाळीचा माणूस गावात नसला तर घरातला दुसरा कोणीही धरून नेला जाई.

इथे एक तुलना आवर्जून करायला हवी. देशमुख-देशपांड्यांची वतने एकोणिसाव्या शतकातच वेगळ्या पद्धतीने मिटवली गेली. त्यांच्याकडून सेवा घेणे थांबले आणि ठरावीक रक्कम वजा करून उत्पन्न त्यांच्याकडे ठेवण्यात आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुलकर्ण्यांनाही असाच मार्ग खुला झाला. त्यांच्या जागी पगारी तलाठी आले. म्हणजे वरच्या वतनदारांना काम सोडून जमीन राखता आली. महारांना ती सवलत देण्याचा विचार सरकारला सुचला नाही. सुचला असता तर गावोगाव पगारी नोकर नेमावे लागले असते, आणि तो खर्च कोणाला नको होता. जातीने जे खालचे काम ठरवले होते त्यावर राज्याने आपली बचत उभी केली. परकीय सत्तेला धर्माशी देणेघेणे नव्हते, तरी जातीची उतरंड तिने आपल्या हिशेबात जपली.

या व्यवस्थेला पहिले तडे गावाबाहेर पडले. मुंबई इलाख्याच्या लष्करात महार शिपाई होते, रेल्वे आली, गोद्या आणि गिरण्या सुरू झाल्या, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. ज्याला महिन्याचा पगार मिळू लागला त्याला येसकरीची काठी जड वाटू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. या अर्जांत मागणी होती फौजेतल्या आणि पोलिसातल्या नोकरीची. वतन हा त्यांचा विषय नसला तरी त्यांचा रोख स्पष्ट होता. गावाशिवाय जगण्याची एक वाट हवी होती.

वतनावर पहिला थेट घाव एका राजाने घातला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले आणि त्या जमिनी रयताव्याने ज्याच्या त्याच्या नावे केल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही त्यांनी बंद केली. महाराजांच्या कामात शिक्षण आणि आरक्षण यांची चर्चा अधिक होते. मला मात्र हा निर्णय त्यांच्या द्रष्टेपणाची सर्वांत कठीण परीक्षा वाटतो. वसतिगृह उघडले म्हणून कोणाच्या घरी कामाला येणारा माणूस कमी होत नाही. वतन रद्द केले की दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी झाडायला कोण, हा प्रश्न प्रत्येक गावासमोर उभा राहतो. इंग्रजांच्या मुलखात हे घडायला आणखी ४० वर्षे लागली.

आंबेडकरांनी हा विषय महाडच्या वर्षापासूनच हाती घेतला होता. सरकारनियुक्त सभासद म्हणून ते १९२७ च्या सुरुवातीला कायदेमंडळात आले. त्याच वर्षी सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी महार वतनाची चिकित्सा सुरू केली. वाचक महारवाड्यातलेच होते, आणि त्यांना आपल्याच हक्काविरुद्ध पटवून द्यायचे होते. हे काम सोपे नव्हते. आम्ही वतनदार, आम्हाला गावात मान, ही भावना खोल होती. वतनाच्या वाटणीवरून भावाभावांत दावे चालू होते. गावच्या मानपानावरून महार आणि मांग यांच्यात वाद होत. एकाच उतरंडीच्या तळाशी असलेल्या दोन जाती वरच्या पायरीसाठी भांडत होत्या. प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान आणि वर चढण्याची आशा, ही विषमतेची रचना आंबेडकरांनी पुढे श्रेणीबद्ध विषमता म्हणून मांडली. ती त्यांनी ग्रंथांत वाचली असेलच, पण वतनाच्या तंट्यांतही ती त्यांच्या समोर होती.

१९२८ च्या विधेयकाची मागणी माफक होती. ज्या वतनदाराला सेवेतून मोकळे व्हायचे असेल त्याला तशी मुभा मिळावी आणि जमीन पूर्ण सारा घेऊन त्याच्याकडेच राहावी. सरकारी काम कोणते आणि रयतेचे कोणते याची फोड व्हावी. बलुते धान्याच्या रूपात दारोदार मागावे लागू नये, ते पैशात ठरून साऱ्याबरोबर वसूल व्हावे. ऑगस्टमध्ये झालेल्या चर्चेत आंबेडकरांनी दाखवून दिले की वतनदार महाराला चोवीस तासांतला कोणताही तास स्वतःचा म्हणता येत नाही आणि सरकारचे बहुतेक कोणतेही खाते त्याच्यावर हक्क सांगू शकते. युक्तिवाद वकिलाचा होता, आकड्यांचा होता. त्यामागची चीड लपत नव्हती.

विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. तिथून परत येईपर्यंत त्याचा जोर उरला नव्हता. सरकारला खर्चाची चिंता होती, रयतेच्या प्रतिनिधींना गावचा नोकर हातचा जाईल ही चिंता होती. जुलै १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. राज्य आणि सवर्ण गाव एरवी परस्परांविरुद्ध भांडत होते. या एका बाबतीत दोघांचे हित जुळले होते, आणि विधेयक पडण्याचे खरे कारण मला यातच दिसते.

ज्यांना वाटत होते की वतन म्हणजे निव्वळ उपजीविकेचे साधन, त्यांना याच सुमारास उत्तर मिळाले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्यांच्या परिस्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली, आंबेडकर तिचे सभासद होते आणि १९३० मध्ये तिचा अहवाल आला. अस्पृश्यांनी विहिरीचा, शाळेचा, चांगले कपडे घालण्याचा हक्क बजावायचे ठरवले की गाव काय करते, याचे वर्णन या अहवालात आहे. बलुते बंद होते. वहिवाटीचा रस्ता अडवला जातो. दुकानदार मीठ-मिरची देत नाही. शेतावरचे काम मिळत नाही. महाडनंतर गावोगावी हेच झाले. चवदार तळ्यावर पाणी पिऊन परतलेल्या माणसाला शिक्षा द्यायला कायद्याची गरज पडली नाही, खळ्यावरचा वाटा थांबवणे पुरेसे होते. महाड आणि वतन हे दोन विषय वेगळे नाहीत, हे आंबेडकरांना म्हणूनच आधी दिसले होते. ज्याची भाकरी गावाच्या दारात आहे त्याला गावाच्या तळ्यावर हक्क सांगता येत नाही.

१९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून निवडून आलेल्या आंबेडकरांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि वतनाचा प्रश्नही पुन्हा मांडला. आता सत्तेवर काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. तरीही काही हलले नाही. दरम्यान सरकारने वतनी जमिनींवरचा आकार वाढवायला सुरुवात केली. म्हणजे काम तसेच, मोबदला तोच आणि जमिनीवर कर जास्त. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली. ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला दुसरी झाली आणि वाढीव कर भरणार नाही अशी भाषा तिथे बोलली गेली. तेरा वर्षांपूर्वी ज्यांना वतन सोडायची धास्ती होती त्याच समाजातून आता हजारो माणसे सरकारला जाब विचारायला जमत होती. कायदेमंडळात हरलेल्या विधेयकाने लोकांचे मन मात्र बदलले होते.

स्वातंत्र्यानंतरचा क्रम बोलका आहे. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला. महार वतनाला त्यात जागा मिळाली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या काही महिन्यांत गावोगावच्या बौद्धांनी येसकरकी सोडली, ढोर ओढायचे नाकारले, घुंगुरकाठी टाकली. कायदा व्हायच्या आधीच वतनदारांनी आपल्या हातांनी वतन संपवायला घेतले होते. त्याची किंमत त्यांनी बहिष्काराने आणि मारहाणीने चुकवली. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९५८ मध्ये मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा संमत झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते. पाटलांची महसुली वतनदारी त्यानंतर, १९६२ च्या कायद्याने गेली.

कायद्याने सेवा संपल्या, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखू नये. जन्माने नोकर ठरलेल्या माणसाच्या मुलाला आता कोणी पहाटे उठवून तालुक्याला पिटाळू शकत नव्हते. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी झाली. वतनी जमीन आधी सरकारजमा झाली. कब्जेहक्काची रक्कम भरली की ती मूळ वतनदाराला परत मिळणार होती, तीही नव्या शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. रक्कम कागदावर लहान होती. पण कित्येक तुकडे आधीच गहाण पडले होते, कित्येकांवर दुसऱ्याचा ताबा होता, आणि चौदा-पंधरा भाऊबंदांच्या नावे असलेल्या दोन एकरांसाठी मुंबईच्या चाळीतून गावी येऊन फेरफार करून घेणे प्रत्येकाला जमले नाही. ज्यांनी गावाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखली त्यांच्यातले अनेकजण भूमिहीन म्हणून स्वतंत्र भारतात आले.

म्हणूनच वतन संपल्यावर लगेच जमिनीचा लढा उभा राहिला, हा योगायोग नव्हता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. वतनाच्या लढ्याचा उत्तरार्ध म्हणून हा सत्याग्रह वाचला जात नाही, याची मला खंत वाटते. पूर्वार्धात माणूस गावापासून सुटला, उत्तरार्धात त्याला पाय ठेवायला जमीन हवी होती.

पुढे हा अनुभव साहित्यात आला. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये येसकरकीचा काळ आतून दिसतो. वतन काय होते हे कायद्याच्या पुस्तकातून जेवढे कळत नाही तेवढे या दोन पुस्तकांतून कळते.

या प्रकरणातून विषमतेच्या टिकाऊपणाबद्दल माझे मत पक्के झाले आहे. ती केवळ तिरस्कारावर टिकत नाही. वरच्यांना स्वस्त श्रम, राज्याला स्वस्त नोकर आणि खालच्याला गमावू नये असे वाटणारा एक छोटा हक्क, या तिन्हींनी मिळून महार वतन तगवले. त्यातली तिसरी गोष्ट सोडण्याचे धैर्य खालच्यांनी आधी दाखवले. पहिल्या दोघांना आपला वाटा सोडायला कायद्याने भाग पाडावे लागले, तेही तीस वर्षे उशिरा.

अनेक गावांच्या सातबाऱ्यावर अशा वतनी जमिनींपुढचा इनाम वर्ग सहा-ब हा शेरा आजही आढळतो. ज्यांच्या गावात तो आहे त्यांनी तहसील कार्यालयातून जुने फेरफार काढून वाचावेत. ती जमीन कोणाच्या नावे होती आणि कोणत्या वर्षी, कोणत्या व्यवहाराने दुसऱ्याकडे गेली, हे लिहून ठेवावे. येसकरकी केलेली शेवटची पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. तिच्याकडून ऐकून घ्यायला फार वेळ उरलेला नाही.